पाचशे तासांचा हिवाळा

थंडी पडली की मला शेतं वेगळीच दिसायला लागतात. एसटीच्या खिडकीतून बाकीची माणसं ज्वारी निसवली का ते बघतात, तुरीला शेंगा किती लागल्या ते बघतात. मी बघते, इथं विमान उतरवता येईल का. ज्वारी नको, ताटं माणसाहून उंच. नांगरलेलं रान नको, ढेकळांत चाकं अडकतील. उसाचं तर नावच काढू नका. हरभऱ्याचं शेत दिसलं की मात्र जीव गार होतो. वीतभर उंचीचं पीक, सपाट रान, खाली घट्ट भुई. परवा माजलगावला घरी येताना मी आईला म्हटलं, "काय हरभरा आहे बघ." ती म्हणाली, "घाटे भरलेत का? सोलाण्याची आमटी करू." मी घाटे बघितलेच नव्हते.

ही खोड मला एका हिवाळ्यात लागली आणि तो हिवाळा यंदा जरा जास्तच आठवतोय. कारण विश्वजितचा फोन. विश्वजित माझा विद्यार्थी. त्याला मी विमान चालवायला शिकवलं. गेल्या आठवड्यात त्याचा उड्या मारणारा आवाज कानावर आला, "मॅडम, लायसन हातात आलं." मी अभिनंदन म्हणेपर्यंत त्याचा पुढचा प्रश्न आलाच, "पण आता तास कुठं मिळतेल?"

मी खळखळून हसले. त्याला वाटलं मॅडम चेष्टा करतायत. पण हाच प्रश्न मी तीन वर्षं जगाला विचारत फिरले होते. दोनशे तास उडालात की व्यावसायिक वैमानिकाचं लायसन मिळतं. मग तुम्ही ते घेऊन दारोदार जाता आणि दारादारात एकच उत्तर मिळतं: तास कमी आहेत, आणखी उडून या. उडायला विमान हवं, विमान हवं तर नोकरी हवी, नोकरी हवी तर तास हवेत. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण ज्यानं काढली तो नक्की बेकार वैमानिक असणार.

त्या तीन वर्षांत आमच्या आत्याला माझी फार काळजी. ती नांदूरघाटहून आली की दारातच विचारायची, "इमान चालवितीस ना गं? मग घरी कावून हायस?" मी तिला तासांचं गणित समजावायचे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मग एखांदं भाड्यानं घी की." तिचं काही चुकत नव्हतं. माझ्या बरोबरीच्या पोरांनी खरंच काहीही करून तास गोळा केले. एक जण पोटाला कॅमेरा लावलेल्या विमानातून नकाशासाठी जमिनीचे फोटो काढत फिरला. सरळ रेषेत जायचं, वळायचं, परत सरळ रेषेत यायचं, बैलानं पाळी घालावी तसं. एकीला पावसाळ्यात पाऊस पाडण्यासाठी ढगांत मीठ फवारणाऱ्या विमानात जागा मिळाली. एक जण निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांना सभेला नेणाऱ्या विमानात सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत बसला. तो सांगायचा, साहेब खाली तासभर बोलतात आणि हवेत वीस मिनिटं असतात, उलटं असतं तर माझं कल्याण झालं असतं.

मला शिकवायचं काम मिळालं. त्यासाठी वेगळी परीक्षा दिली, वेगळी उड्डाणं केली आणि दसऱ्याच्या सुमाराला आमच्या जिल्ह्याच्या शिवेपलीकडच्या एका छोट्या धावपट्टीवर मी सहाय्यक प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. त्याच आठवड्यात एका छोट्या विमान कंपनीची जाहिरात आली. सहवैमानिक हवेत, अट पाचशे तास, मुदत जानेवारी अखेर. माझे होते दोनशे पस्तीस. चार महिन्यांत दोनशे पासष्ट. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर हिशेब मांडला आणि नाचलेच, कारण शिकवण्यातली खरी गंमत मला तेव्हा उमगली होती. विद्यार्थी शिकायला उडतो तो तास त्याचा, आणि शेजारी बसून मी शिकवते म्हणून तोच तास माझाही. एकाच भाकरीत दोघांची पोटं भरत होती. तीन वर्षं ज्याच्यासाठी तळमळले ते आता रोज सकाळी सहाला दारात उभं राहणार होतं.

काय सकाळी होत्या त्या. पट्टीच्या कडेला गवतावर दव. विमानाच्या पंखांवर हात फिरवला की तळवा ओला व्हायचा आणि इंधनाचा गोडसर वास बोटांना चिकटायचा. पंखाच्या टाकीतून काचेच्या नळीत थोडं इंधन काढून त्यात पाणी उतरलंय का ते उजेडात धरून बघायचं; आधी बघायचा विद्यार्थी, मग मी. थंड इंजिन आधी खोकायचं, मग खडखडायचं, मग एका सुरात लागायचं. कानावर हेडफोन चढले की बाहेरचं जग गप्प होई आणि विद्यार्थ्याचा श्वास ऐकू येई. घाबरलेल्या मुलाचा श्वास मला अजूनही आवाजावरून ओळखता येतो. मीही तशीच धापा टाकायचे.

आणि वर गेलं की आमचा जिल्हा. ज्या मुलखातून जन्मभर एसटीनं धक्के खात गेले, तो असा पायाखाली निवांत पसरलेला बघून मला पहिले काही दिवस विद्यार्थ्याला सूचना द्यायचंही सुचायचं नाही. लांबच्या उड्डाणाला आम्ही माजलगावच्या धरणापर्यंत जायचो. सिंदफणेचं पाणी उन्हात चमकू लागलं की मी म्हणायचे, "ते बघ माझं गाव," आणि विद्यार्थी आदबीनं मान हलवायचे, त्यांना नुसतं पाणीच दिसायचं. परतीला मांजरसुंब्याच्या चौकात थांबलेले ट्रक आगपेट्यांएवढे. नांदूरघाटावरून जाताना मी आत्याचं घर शोधायचे. साखर कारखान्यांचं गाळप सुरू होतं. वारा कुठून येतोय हे वरून सांगायला त्यांच्या चिमण्यांच्या धुरासारखा मास्तर नाही. धूर जिकडं वाकतो त्याच्या उलट बाजूनं वारा. पुस्तकात हे नाही. मीच मुलांना सांगायचे आणि मनातल्या मनात माजलगावकर असल्याचा रुबाब करायचे.

इंजिन बंद पडलं तर काय करायचं, याचा सराव फार महत्त्वाचा. वर असताना मी हळूच इंजिनची ताकद काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "गेलं इंजिन. शोध जागा." विद्यार्थ्यानं खाली एखादं शेत निवडायचं, विमान घसरगुंडीसारखं त्याच्याकडे न्यायचं आणि जमीन पाचशे फुटांवर आली की ताकद देऊन परत वर. विश्वजितनं पहिल्यांदा ताबडतोब बोट दाखवलं, "ते हिरवं मैदान, मॅडम. एकदम सपाट हाय."

त्याला खाली येऊ दिलं. आठशे फूट, सातशे, सहाशे. मग म्हटलं, "नीट बघ."

"आयला," तो म्हणाला. मग जीभ चावून, "सॉरी मॅडम. ऊस हाय."

दोन पुरुष उंच ऊस. वरून तो खरंच कापलेल्या गवतासारखा मऊ दिसतो, भलेभले फसतात. पण विश्वजितच्या घरी तीन पिढ्यांचा ऊस, चुलता कारखान्याच्या राजकारणात. फक्त हा पाचवीपासून पुण्याच्या वसतिगृहात. मी त्याला हिवाळाभर त्यावरून छळलं. पण पोरगं इमानी होतं. पुढच्या सुट्टीला घरी गेलं आणि चुलत्याबरोबर चार दिवस रानं पायाखाली घालून आलं, कोणत्या पिकाची उंची किती हे वहीत लिहून. त्यानंतर मी इंजिन काढलं की तो शांतपणे म्हणायचा, "डावीकडं हरभरा, मॅडम. वारा समोरून." उतरण्यातही त्याचा हात बसत गेला. आधी विमान आपटायचा. नंतर चाकं टेकायच्या आधी नाक इतकं हलकं उचलू लागला की चाकं टेकली ते आवाजावरून कळायचं.

आता जे सांगायचं ते सांगताना मला अजून लाज वाटते. विद्यार्थी तयार झाला की त्याला एकट्याला सोडायचं असतं. पहिलं एकट्याचं उड्डाण, सोलो. त्याच्या कागदावर मी 'तयार' लिहायचं, मग आमचे मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते एक फेरी मारून बघणार आणि सोडणार. इतर मुलं वीस-बावीस तासांत गेली. विश्वजितचे सव्वीस झाले तरी मी लिहीत होते, 'आणखी सराव हवा'. कारण तो एकटा उडाला की ते तास फक्त त्याचे. माझी खुर्ची रिकामी. आणि त्या महिन्यात आमचं दुसरं विमान तपासणीसाठी उघडून ठेवलेलं, एकच चालू. तो ते घेऊन गेला की मी पट्टीवर बसून राहणार. संक्रांतीला माझे चारशे सत्तर झाले होते. उरले होते पंधरा दिवस आणि तीस तास.

सुरुवातीला 'आणखी सराव हवा' हे खरं होतं. मग एका सकाळी त्यानं आडव्या वाऱ्यात ओळीनं तीन वेळा सुरेख विमान उतरवलं, मी काडीचीही सूचना दिली नाही, आणि तरी खाली येऊन तेच लिहिलं. विश्वजितनं कागद वाचला आणि म्हणाला, "कुठं चुकतंय मॅडम, तेवढं सांगा. मी करतो." मी म्हटलं, "एकसारखेपणा येऊ दे." काय वाट्टेल ते. तो मान हलवून गेला आणि मी लॉगबुकात एक तास दहा मिनिटं लिहिली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सुट्टी मिळाली तशी मी घरी गेले. बाबा निवृत्त मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षं मुलांना गणित शिकवलं. निवृत्तीनंतर गावाबाहेर दीड एकर घेतलं होतं, त्यात ज्वारी नि हरभरा. त्या दिवशी हुरडा होता. आगटीतल्या निखाऱ्यांत कणसं खुपसायची, बाहेर काढून तळव्यावर चोळायची, फुंकर मारायची. कोवळे हिरवे दाणे, लसणाची चटणी, दही, तोंडात गुळाचा खडा. हात काळे, तोंड काळं, आणि माझी अखंड बडबड. मी त्यांना तासांचा आकडा सांगत होते, कंपनीचा गणवेश कसा असतो ते सांगत होते, माझं विमान घरावरून गेलं तर पंख हलवीन म्हणत होते. आई हसत होती. बोलता बोलता मी विश्वजितचंही सांगून टाकलं, मोठी हुशारी केल्यासारखं.

बाबांचे चोळणारे हात थांबले. "येतंय का त्याला?"

"येतंय."

"मग कावून ठिवलाय?"

"पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, बाबा. पाचशे झाले की सोडते." मग मी आणखी एक वाक्य बोलले, जे बोलायला नको होतं. विश्वजितच्या भावकीतल्याच मळ्यात माझे आजोबा सालगडी होते. छप्पन सालानंतर आमची माणसं बौद्ध झाली, बाबा शिकले, आम्ही तालुक्याला आलो. मी म्हटलं, "आणि त्यांच्या घरानं आपल्याला काय कमी थांबवलं?"

बाबांनी दाणे फुंकून माझ्या हातावर ठेवले. "मी चवथीत दोन वर्सं काढली, तुला ठाव हाय का?"

मला माहीत नव्हतं. बाबा नापास, ही कल्पनाच मला करता येईना.

"नापास न्हवतो. वर्गात पयला होतो. पर पाचवीची शाळा तालुक्याला. मी गेलो तर मळ्यातली गुरं कोण बघणार? मालकानं मास्तरला सांगितलं, ह्याला ऱ्हाऊ द्या अजून एक वरीस. मास्तर वाईट न्हवता. त्यानं नुसतं लिवलं, कच्चा हाय." ते निखारे सारखे करत होते. "मी वरीसभर त्याला इचारायचो, गुरुजी, माझं काय चुकतंय, तेवढं सांगा. मी करतो."

मी हातातले दाणे खाऊ शकले नाही. आई उठून कणसं आणायला गेली. बाबांनी पुढं उपदेश वगैरे काही केला नाही, त्यांनी मला विचारलं, चटणी तिखट झाली का.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विश्वजितबरोबर उडाले, दोन फेऱ्या मारल्या आणि खाली येऊन 'तयार' लिहिलं. सरांनी चष्म्यावरून बघितलं. "मला वाटलंच होतं हा कधीचा तयार आहे. पण म्हटलं, तू सोबत बसतेस, तुला जास्त कळणार." त्या वाक्यानं माझे कान तापले. सरांनी त्याच्याबरोबर एक फेरी मारली, उतरले, आपल्या रिकाम्या खुर्चीचा पट्टा घट्ट बांधला, दार लावलं आणि पंखाला हलकी थाप मारली.

माणूस कमी झाला की विमान हलकं होतं आणि नेहमीपेक्षा लवकर उचलतं. मी पट्टीच्या कडेला हातातला रेडिओ कानाला लावून उभी होते आणि ते माझ्याशिवाय चटकन वर गेलं. मी जागच्या जागी पाय दाबत होते, जणू खालून ब्रेक लावणार होते. वळला. उंची बरोबर. परत वळला. रेडिओवर त्याचा आवाज आला, "उतरतोय," एवढंच, अगदी सरळ. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं सगळ्या शिवाराला, की अरे बघा, हा एकटा आहे, त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. चाकं टेकली. आवाजावरून कळलं. मी इतकी आनंदले होते की सर माझ्याकडे बघून हसले. माझ्या स्वतःच्या सोलोला मी घाबरले होते. आनंद असा असतो ते त्या दिवशी कळलं.

सोलो झालेल्याला भिजवायची आमच्याकडे रीत आहे. जानेवारीतल्या सकाळचं हौदातलं पाणी, बादली माझ्या हातात. विश्वजित दात वाजवत गुडघ्यावर बसला. "हळू ओता मॅडम, लई थंड हाय." मी हळू ओतलं नाही. तो भिजलेला, शिंकणारा, खुळ्यासारखा हसणारा पोरगा उठला आणि माझ्या पाया पडायला वाकला, तेव्हा मी त्याला मध्येच धरलं आणि सांगून टाकलं, "तू आठ दिवसांपूर्वीच तयार होतास. मी माझ्या तासांसाठी तुला ठेवलं." त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, "मॅडम, त्या आठ दिवसांत आडवा वारा तर पक्का झाला." मोठ्या मनाचं पोरगं. पण त्यानं माफ केलं म्हणून ते घडलं नाही असं होत नाही.

पुढचे दोन आठवडे विमान कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे. त्याच्या एकट्याच्या फेऱ्या मी खालून बघायचे, बाकीच्या मुलांबरोबर मिळतील तेवढे तास उडायचे. एक सकाळ धुक्यानं खाल्ली. विमान कंपनीतली ती जागा माझी हुकली. पुढच्या वर्षी मला आजारी माणसांना मोठ्या शहरांत नेणाऱ्या छोट्या विमानात काम मिळालं, आजही मी तेच करते. विश्वजितला फोनवर मी सगळे रस्ते सांगितले: फोटोचे, ढगांचे, पुढाऱ्यांचे. शेवटी म्हटलं, शिकवशील तर सगळ्यात लवकर भरतील. फक्त ज्याला येतंय त्याला थांबवू नकोस.

पण तो हिवाळा म्हटला की मला जानेवारीची शेवटची संध्याकाळ आठवते. लॉगबुकात शेवटची ओळ लिहून मी बेरीज केली, दोनदा केली आणि बाबांना फोन लावला.

"किती झाले?"

"चारशे ब्याण्णव. आठ कमी पडले, बाबा."

मग त्यांनी विचारलं, "ते पोरगं एकटं किती उडालं?"

"नऊ तास."

"मग पाचशे एक झाले की."

"त्याचे तास माझ्यात धरत नाहीत, बाबा."

"कोण धरत न्हाई त्येला न धरू दे," बाबा म्हणाले. "मी धरतो. पाचशे एक झाले तुझे. घरी ये."